फ्रिजमध्ये ठेवलेल्या बंडीबाबत खुलासा

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
ऋतुवस्त्र संशोधन केंद्र,
खराडी, पुणे.

विषय : चाचणीची बंडी निर्दोष असल्याबाबत व एका विनंतीबाबत.
संदर्भ : आपले दि. १६ जानेवारी २०१९ चे पत्र.

महोदय,

अर्जदार वैजनाथ सखाराम ढोबळे, वय ७२, राहणार कोथरूड, हा स्वारगेटच्या चौकशी खिडकीवरून निवृत्त झालेला इसम आहे. एकतीस वर्षे लोकांनी प्रश्न विचारून त्याचे डोके उठवले. पत्नी यमुनाबाई वारल्यापासून "जेवलात का?" एवढेही कोणी विचारत नाही. असो.

२. अंग गारठले की ऊब आणि तापले की गारवा देणारी बंडी केंद्राने अर्जदारास तीन महिने वापरण्यास दिली. तापमान फार घसरले वा चढले की केंद्रात सूचना जाते आणि कु. भाग्यश्री फोनवर विचारपूस करतात. बंडी इतकी चोख की कडाक्याच्या थंडीतही अर्जदार ठणठणीत राहिला. पहिल्या महिन्यात एकच फोन आला, तोही अखेरच्या दिवशी, बंडी चुकून उलटी घातल्यामुळे.

३. त्या फोनवर कु. भाग्यश्री यांनी "आजोबा, बरं वाटतंय ना? चहा झाला का?" असे विचारले. अर्जदारास भरून आले. सबब दुसऱ्या दिवशी त्याने बंडी मुद्दाम उलटी घातली. पुढे भीड चेपल्यावर ती फ्रिजमध्ये, मेथीच्या जुडीशेजारी ठेवली. अर्जदाराचे तापमान नऊ अंश भरले. "अहो आजोबा, बोला ना काहीतरी!" असे त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. अर्जदार अर्धा तास बोलला. त्यानंतरच्या मंगळवारी बंडी गरम इडलीपात्रावर पसरली होती, हेही नमूद करणे भाग आहे.

४. या आकड्यांवरून आपण बंडी सदोष ठरवली आणि ती तयार करणाऱ्या कु. भाग्यश्री यांचे काम थांबवले, असे आपल्या पत्रावरून कळते. हा धडधडीत अन्याय आहे. दोष बंडीत नाही, अर्जदारात आहे. हे कबूल केल्यावर चाचणीतून नाव कमी होणार व फोनही बंद होणार, याची त्याला पूर्ण जाणीव आहे. म्हणूनच हा कागद यापूर्वी चार वेळा लिहून फाडला.

५. तरी कु. भाग्यश्री यांचे काम विनाविलंब पूर्ववत सुरू करावे. त्यानंतर, त्यांची हरकत नसल्यास, आठवड्यातून एक फोन करण्याची त्यांना मुभा असावी. तापमान अर्जदार साध्या थर्मामीटरने मोजून खरे तेच सांगेल. सकाळी दहानंतर तो घरीच असतो. दहापूर्वीही घरीच असतो.

आपला नम्र व चाचणीत नापास,
(वै. स. ढोबळे)
दि. २१ जानेवारी २०१९

सोबत : बंडी (धुतलेली), चार्जर.