डाव्या डोळ्यामागचे घर

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, पदार्थविज्ञानाची पदवीधर, धंद्याने चष्मे करणारी, विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला ते लागत नाहीत. मला कोणी भरीस घातलेले नाही. थोरल्याने प्रयत्न केला होता; त्याचा समाचार पुढे आहे.

१. राहती जागा. वस्ती सुधारायची म्हणून नगरपालिकेने आमची जुनी गल्ली पाडली, तीत माझे दुकानही गेले. बदल्यात स्वस्त घरांच्या योजनेत चौथ्या मजल्यावरची ही दीड खोली मिळाली. उपकार नाकारत नाही. नळ घरात आला, दाराला आतून कडी आली, धाकटीला अभ्यासाला कोपरा मिळाला. पण अट अशी की घरातल्या कोणाचीही कमाई मर्यादेपलीकडे गेली की जागा सोडायची. गरिबीतून बाहेर पडावे म्हणून घर दिले, आणि बाहेर पाऊल टाकले की घर काढून घेणार. ही अट घालणाऱ्यांची नजर एकदा तपासून द्यायची होती. राहून गेले.

धाकटी मुलगी लिफ्ट दुरुस्त करते. अडकलेल्या माणसांना बाहेर काढणे हा तिचा धंदा आहे. कंपनीने तिला दोनदा फोरमनची जागा देऊ केली, दोनदा तिने नको म्हटले.

"कोण ती कटकट घेणार? लोकांच्या हजेऱ्या घ्या, वरून बोलणी खा. डोक्यावर छप्पर आहे ना आपल्या?"

"आहे. पण इतकं खाली की मान वर करता येत नाही."

"आई, तू आधी गोळी घे."

वाढलेल्या पगारात बाहेरचे भाडे एकटीला परवडते. दोघींना, त्यात माझी औषधे धरून, परवडत नाही. हे तिने कधी बोलून दाखवलेले नाही. मला गणित येते.

सबब, माझ्यानंतर या जागेचा हक्क मी कोणासही देत नाही. धाकटीने खोली झाडून किल्ली नगरपालिकेत जमा करावी. कंपनी तिसऱ्यांदा विचारेल. तेव्हा नाही म्हणायला तिच्याकडे कारण उरू नये, एवढ्यासाठीच हे कलम आहे. तिने त्यावर रडू नये, वाद तर मुळीच घालू नये.

२. थोरला मुलगा. याचे स्वतःचे दुमजली घर आहे. मागच्या महिन्यात जिना चढून आला, धापा टाकत म्हणाला, "आई, ही जागा माझ्या नावावर कर. मी कागदोपत्री गरीब होईन, त्यात काय एवढं?" त्याला मी दुकानातला नजर तपासायचा तक्ता देते. सर्वांत वरचे मोठे अक्षर तरी त्याला दिसते का, हे सूनबाईंनी पाहावे.

३. काचांची पेटी, पेचकस, कानशी आणि बँकेतली शिल्लक धाकटीला. पैसे नव्या जागेच्या अनामतीसाठीच वापरावेत. जागा पाहताना खिडक्या स्वतःच्या हाताने उघडून पाहाव्यात. मालकाच्या शब्दावर जाऊ नये.

४. आमची खिडकी. वस्तीला उभारी यावी म्हणून नगरपालिकेने इमारतीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर चार मजली हसरी बाई रंगवली. आतली ओल होती तशीच आहे. बाईचा डावा डोळा नेमका माझ्या खिडकीवर आला. जन्मभर चष्मे केले, आता डोळ्याच्या आत राहते. हे काम पाहणारे साहेब, ज्यांना सगळी इमारत रंगराव म्हणते, समजूत घालायला आले.

"आजी, तुम्ही झडपा उघडल्यात की बाई काणी दिसते हो."

"मग तिला चष्मा लावा. माप मी देते."

खूप हसले, चहा प्यायले आणि दुसऱ्या दिवशी झडपांवर बाहेरून लोखंडी पट्टी बोल्टांनी आवळायला माणूस पाठवला. तेव्हापासून आम्ही दुपारीही दिवा लावतो. धाकटी पाना घेऊन निघाली होती, मीच दारात आडवी उभी राहिले. नियम मोडला की घर जाते.

५. अंमलबजावणी तळमजल्यावरच्या शिंपीदादांनी करावी. त्यांचे माप चुकत नाही. कच्चा खर्डा वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "ताई, पोरीला सांगितलंत का?" सांगितलेले नाही. सांगितले तर ती आजच भांडेल, आणि तिच्याशी भांडून मी कधी जिंकलेली नाही.

६. अंत्यविधीबाबत माझी एकच सूचना. मला उचलण्याआधी धाकटीने आपल्या पान्याने ती पट्टी काढावी आणि दोन्ही झडपा भिंतीला टेकेपर्यंत उघडाव्यात. तेव्हा घर जाण्याची भीती नसेल. माझे डोळे मिटले की आधी तो डावा उघडावा.

हे सर्व मी वाचून पाहिले, चष्मा लावून. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

लिहून देणार : चष्मेवाली बाई (सही)
साक्षीदार : तळमजल्यावरचे शिंपीदादा (सही)
साक्षीदार : दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई (सही)

ठिकाण : चौथा मजला, डावा डोळा
दिनांक : चौदा जून, भर दुपारी, दिवा लावून