समासातली पेन्सिल

प्रिय आई,

तू परक्यांच्या मुलांना जन्मभर मराठी शिकवलंस आणि मला मात्र इंग्रजी शाळेत घातलंस. तिथे दुसरी भाषा तेलुगू, त्यामुळे माझं मराठी फक्त तोंडी. आज अक्षर न् अक्षर जुळवत लिहितेय, ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाल. काल दुपारी, तू वाचत होतीस त्या कादंबरीच्या एकशे बाराव्या पानावर मला माझी चूक कळली, म्हणून हे पत्र.

तू गेल्यावर काचीगुड्याचं घर आवरताना ती तुझ्या उशीपाशी सापडली. एकट्या राहणाऱ्या एका बाईची गोष्ट. माझ्या हिमायतनगरच्या फ्लॅटवर आणून मी रोज दोन पानं वाचू लागले, पहिलीतल्या पोरांसारखं ओळीवर बोट ठेवून. घटस्फोटानंतर इथे माझ्याशी बोलणारं कोण आहे? ती बाई सवयीने दोन कप चहा टाकते आणि एक ओतून देते, हे वाचलं आणि कित्येक महिन्यांनी बरं वाटलं. माझ्यासारखं कुणीतरी आहे तर.

राग यायचा तो तुझ्या पेन्सिलीचा. समासात जागोजागी, बारीक अक्षरात: 'मीपण'. "मंजू, हा मीपणा सोड," हे तर मी लहानपणापासून ऐकत आले. गेलीस तरी तुझी मास्तरकी सुटली नाही, असं मी पुटपुटलेही. ती बिचारी रडतेय आणि तू तिचा अहंकार काढतेस?

एकशे बाराव्या पानावर ती दिवसभर टीव्ही लावून ठेवते. बघायला नाही, घरात माणसाचा आवाज हवा म्हणून. वाचता वाचता मी मोठ्याने म्हटलं, "मी पण." आणि समासाकडे नजर गेली.

तू दोन शब्द लिहिले होतेस, आई. मी एकच वाचत होते. मागची पानं उलटली, तर त्या चहापाशीही तेच.

फोनवर तुझ्यामागे टीव्ही ओरडत असायचा. "आधी तो बंद कर, डोकं परेशान होतंय," मी म्हणायचे. "हौ, केला," म्हणायचीस. "बोल, काय काम होतं?" मी विचारायचे. काम! तुझं काय काम असणार होतं? "काही नाही गं, असंच." मग मी फोन ठेवायचे.

ऑटोने पंधरा मिनिटांचं अंतर, आणि दोघी दोन घरांत टीव्ही लावून बसलो. तू तरी का बोलली नाहीस? पेन्सिलीला सांगितलंस, मला नाही.

पुस्तक अजूनही धीर देतं, पण तो धीर घेऊन करू काय? ज्या माणसाला 'मी पण' म्हणायचं, तेच उरलं नाही. शेवट आधीच वाचून टाकला. त्या बाईकडे कुणी येत नाही.

तेराव्यापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगत आलेय, "आईला एकटं राहायला आवडायचं." परवा तुझ्या शाळेतल्या बाई आल्या, त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी मान डोलावली. हे वाक्य मी पुन्हा कुणापाशी बोलणार नाही. तुला देण्यासारखं एवढंच वचन माझ्याकडे आहे.

तुझीच,
मंजू