सव्वीस पिक्चर ट्यूबा आणि त्यांना हात लावण्याचा हक्क

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, व्यवसाय जुन्या रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबा दुरुस्त करणे (दोन वर्षांपासून बंद; खरे कारण कलम ५ मध्ये), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि पुरेशा वैतागात लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दिला आहे. वैताग हा आजार नाही, असे त्यांनी तोंडी सांगितले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. चिरंजीवांनी तो आणून पाहिला, पण त्यांची डाळ शिजली नाही.

खरे तर मला या कागदाची घाई नव्हती. पण गेल्या महिन्यात चिरंजीव एका गृहस्थाला घेऊन वर्कशॉपमध्ये आले. हे गृहस्थ जुन्या टीव्हीची लाकडी खोकी घेतात आणि त्यांच्या पोटात काचेची टाकी बसवून मासे सोडतात. मी विचारले, "आणि आतली ट्यूब?" ते म्हणाले, "ती काय, गच्चीवर नेऊन हातोड्याने फोडायची." चिरंजीव शेजारी उभे राहून मान डोलावत होते. चाळीस वर्षे ज्या घरात ट्यूबा दुरुस्त झाल्या त्या घरचा मुलगा मान डोलावतो! मी दोघांनाही चहा न देता वाटेला लावले आणि त्याच दिवशी वकिलांना फोन केला. माझ्यामागे या ट्यूबा ज्याच्या हाती जातील, त्याचे हात आणि डोळे शाबूत राहावेत, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

कलम १. राहते घर चिरंजीवांना, पूर्ण. न्हाणीघरातला नळ उलट्या बाजूने बंद होतो, हे पंचेचाळीस वर्षांत त्यांच्या लक्षात आलेले नाही. आता घरच त्यांचे झाल्यावर तरी यावे.

कलम २. बँकेतली ठेव चिरंजीव आणि सूनबाई यांना निम्मी-निम्मी, दोन वेगळ्या खात्यांत. "एकाच खात्यात ठेवू, आई, सोपं पडतं" हे मी ऐकले आहे आणि सोडून दिले आहे.

कलम ३. वर्कशॉप, म्हणजे घराच्या मागची लांब खोली, दोन बाके, सगळी हत्यारे आणि सव्वीस पिक्चर ट्यूबा. त्यांतल्या अकरा चालू आहेत, पंधरा संपलेल्या. कोणाला द्यायचे ते पुढे येईल. आधी नियम लिहिते, कारण नाव वाचले की पुढचे कोणी वाचत नाही.

पिक्चर ट्यूब म्हणजे आतली सगळी हवा काढून घेतलेली जाड काच. बाहेरची हवा तिला चारही बाजूंनी दाबत असते. ती फुटली की तुकडे आधी आत जातात आणि मग तोंडावर येतात. म्हणून डोळ्यांवर जाड चष्मा, हातात मोजे, गळ्याला टॉवेल. उकडते, हे मलाही माहीत आहे. ट्यूब मानेला धरून कधीही उचलायची नाही. ती मांजर नाही.

दुसरे. टीव्ही बंद केला, वायर भिंतीतून काढली, तरी ट्यूब कित्येक हजार व्होल्ट धरून बसते. वर एक रबरी टोपी असते. लांब दांड्याच्या स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधायची, वायरचे दुसरे टोक टीव्हीच्या धातूच्या सांगाड्याला पक्के लावायचे आणि मग स्क्रू ड्रायव्हर टोपीखाली सरकवायचा. त्या वेळी दुसरा हात खिशात. याला डिस्चार्ज म्हणतात. एकदा करून भागत नाही. थोडा वेळ गेला की ट्यूब पुन्हा थोडा करंट जमवते, कुठून कोण जाणे. म्हणून दहा मिनिटांनी परत करायचे.

तिसरे, ट्यूबचा मोतीबिंदू. जुन्या ट्यूबांच्या तोंडावर सुरक्षेसाठी आणखी एक काच चिकटवलेली असते. मधला चिकट थर वयाने नासतो आणि कोपऱ्यांतून पांढरा होत जातो. ती काच सोडवायला ट्यूब तोंड खाली करून कोमट पाण्याच्या टबात ठेवतात, पाणी हळूहळू तापवतात आणि मग बारीक तार आरपार ओढत नेतात. सगळा दिवस जातो. गरम पाणी एकदम ओतले तर दोन मिनिटांत काम होते आणि ट्यूबही जाते. चिरंजीवांनी हा प्रयोग वयाच्या एकोणिसाव्या वर्षी करून पाहिला आहे.

संपलेल्या पंधरा ट्यूबांत हवा भरून त्या निकामी करायच्या. जाड घोंगडीत गुंडाळायचे, मानेच्या टोकाला काचेचे छोटे बोंड असते ते पकडीने हलकेच मोडायचे, फुस्स आवाज येऊ द्यायचा. आवाज थांबला की ती नुसती काच. हातोडा हा शब्द माझ्या वर्कशॉपमध्ये कोणी काढू नये.

कलम ४. आता एक जुना हिशोब. एकतीस वर्षांपूर्वी माझे यजमान (नऊ वर्षांपूर्वी वारले, छातीच्या दुखण्याने, ट्यूबमुळे नाही) आणि धाकटे दीर बाकावर काम करत होते. दीर म्हणाले, "दादा, झालाय डिस्चार्ज." यजमानांनी हात घातला. झटका बसला, हात मागे फेकला गेला, कोपर ट्यूबच्या मानेवर आदळले आणि ती फुटली. यजमानांचा उजवा डोळा गेला. त्यानंतर ते गिऱ्हाइकांशी बोलत आणि मी ट्यूबा करू लागले. पाटी मात्र शेवटपर्यंत त्यांच्या नावाची राहिली. याचाही मला राग आहे, पण तो दुसरा.

दीर रडत म्हणाले होते, "वहिनी, मी सकाळीच केला होता. आईशप्पथ केला होता." मी म्हटले, "तुमची शप्पथ त्यांच्या डोळ्यात बसवू का?" त्या दिवसापासून मी त्यांना वर्कशॉपचा उंबरा ओलांडू दिला नाही. दरवर्षी ते यायचे, दारात उभे राहून "बरी आहेस का, वहिनी" विचारायचे आणि परत जायचे. यजमान त्यांना कोपऱ्यावरच्या हॉटेलात चोरून भेटत. मला ठाऊक होते. मी गप्प बसत असे, तेवढेच उपकार.

कलम ५. वर्कशॉप, हत्यारे आणि सव्वीसच्या सव्वीस ट्यूबा मी सूनबाईंना देत आहे. चिरंजीव, इथे तुझे तोंड उतरेल. तेव्हा खुर्चीत बसून शांतपणे पुढचे वाच.

मी "झालाय डिस्चार्ज" म्हटले की तू डोळे मिटून हात घालायचास. आईचा शब्द म्हणजे शब्द. गावभर लोक मला म्हणतात, किती गुणी मुलगा! आणि सूनबाई? पाण्याच्या पंपघरात नोकरीला. दुसऱ्याने बंद केलेला व्हॉल्व्ह स्वतः फिरवून पाहिल्याशिवाय खाली उतरत नाही. इथेही तेच. मी सांगितले, झालाय, की ती म्हणणार, "हो ना आई, छानच. मी एकदा लावून बघते." दरवेळी! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सासूवर काडीचा विश्वास नाही म्हणून मी तिची अख्ख्या गल्लीत बदनामी केली. नऊ वर्षे केली. ती ऐकून घेत राहिली आणि स्क्रू ड्रायव्हर लावत राहिली.

दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक मोतीबिंदू झालेल्या गोल ट्यूबचा टीव्ही घेऊन आले. सकाळी मी तो डिस्चार्ज करून टोपी सैल करून ठेवली. दुपारी ते परत आले. "काच काढण्याआधी एकदा चालू बघू द्या," म्हणाले. मी टोपी बसवली, टीव्ही दहा मिनिटे चालवला, बंद केला, त्यांना निरोप दिला. आणि हे साफ विसरले. संध्याकाळी सूनबाई ड्युटीवरून आली, चष्मा घालायच्या आधीच बाकावर वाकली. मी म्हटले, "सकाळीच झालाय डिस्चार्ज. काढ टोपी."

तिने स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"पुन्हा तेच! मी काय खोटं बोलते?"

"नाही हो आई. पण हात माझा आहे ना."

फळी मोडावी तसा आवाज झाला आणि निळी ठिणगी उडाली. खोलीत जळका वास पसरला. सूनबाईने माझ्याकडे पाहिले. मग चष्मा लावला, पुन्हा एकदा डिस्चार्ज केला, टोपी काढली आणि म्हणाली, "आई, चहा ठेवू?" एवढेच. आजपर्यंत तिने हे कोणालाही सांगितलेले नाही, तुलाही नाही. मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला वाटले राग आहे. राग कसला, मला लाज वाटत होती. पाचव्या दिवशी मी धंदा बंद केला आणि डोळे गेल्याचे कारण सांगितले. माझे डोळे उत्तम आहेत. डॉक्टरांना विचारा.

चिरंजीव, तू माझे ऐकतोस म्हणून तुला वर्कशॉप देत नाही. त्या दिवशी तिने माझे ऐकले असते, तर या घरात दुसरा डोळा गेला असता, कदाचित तीही गेली असती, आणि मी शपथ घेऊन सांगत बसले असते की सकाळीच केला होता.

सूनबाई, मी तुला नऊ वर्षे विनाकारण छळले. माफ कर.

कलम ६. धाकट्या दिरांना मी काहीही ठेवत नाही. वकील म्हणतात, साक्षीदाराला वाटा देता येत नाही, आणि साक्षीदार म्हणून मला तेच हवे आहेत. आज सकाळी निरोप पाठवला आहे. सोबत कलम ५ ची नक्कल दिली आहे. येतील की नाही माहीत नाही. न आल्यास त्यांच्या जागी कोपऱ्यावरचे हॉटेलवाले सही करतील.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, मला समजले, आणि यातला एकही शब्द मागे घेण्याची इच्छा नाही.

ठिकाण: वर्कशॉप, खिडकीजवळचे बाक
दिनांक: महिन्याची सतरा तारीख, मंगळवार, दुपारी चार

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार १: समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर. मृत्युपत्र करणारीने माझ्यासमोर सही केली. डोळे तपासले, उत्तम आहेत.

साक्षीदार २: ~~हॉटेलवाले~~ धाकटा दीर. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. मी माझी सही आत येऊन, बाकावर बसून केली.