वेगळं काढलेलं भरीत

यावल, रविवार, संध्याकाळ



दुपारी आमच्या केळीच्या मळ्यात सगळे भरीत खायला जमले होते. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून झाली, मी ती लाकडी बडगीत ठेचायला बसले. मावशीने सहज विचारलं, जळगावला कॉलेजात काय चाललंय. मी मूर्खासारखी उत्साहाने सांगत सुटले. पर्यावरण अभियांत्रिकीचं तिसरं वर्ष, या आठवड्यात नाल्यातल्या सांडपाण्याचे नमुने घेतले.

मावशीने माझ्या हातांकडे पाहिलं. "ऱ्हाऊ दे, मी ठेचते."

"मावशी, हातमोजे असतात. आणि आत्ताच हात धुतलेत."

"तरी पण. गटारीतच हात घालायचा, तर इंजिनिअर कशाला व्हायचं?"

मी ठेचलेलं भरीत तिने वेगळ्या पातेल्यात काढलं आणि आईला म्हणाली, "हे बायांना देऊन टाक, त्या खातीन." बाया म्हणजे मळ्यात तण निंदायला येणाऱ्या. त्यांना चालतं म्हणे.

"मावशी, तुझ्या घरच्या संडासाचं पाणी कुठे जातं गं?"

"जातं कुठंतरी. जेवताना काय हे?"

मी त्याच पातेल्यातलं वाढून घेतलं. आईने मात्र मावशीने ठेचलेलं घेतलं, माझ्याकडे न बघता. घरी येताना म्हणाली, "तिचं मन राखावं लागतं." आणि माझं?

आत्ता हात हुंगून पाहिले. लसूण आणि धूर, बाकी काही नाही. तरी उठून पुन्हा साबण लावला. दुपारी मावशीचीही आली नव्हती, एवढी किळस साबण लावताना मला माझी आली.