सासूबाईंचा सीटी

९ मार्च २००४, दोहा
आज नव्या नर्सना डोक्याचे सीटी स्कॅन दाखवले. आमच्या आयसीयूत हे काम माझंच! ताजं रक्त पांढरं दिसतं. जुनं होत जातं तसं करडं, मग काळपट.

घरी आले तर सासूबाई दारातच. 'दमलीस व्हय गं पोरी?' गालावरून हात फिरवला! लग्नाला सहा वर्षं झाली — माझी जात वेगळी, म्हणून कधी धड बोलल्या नव्हत्या. हल्ली रोज लाड. हर्षल खूश. म्हणतो, 'आईला दोहाची हवा मानवली.'

११ मार्च
त्या डावा पाय ओढतायत. कपही डाव्या हातातून सुटला. आज वार कोणता, सांगता येईना. महिन्यापूर्वी बाथरूममध्ये पडल्या, डोकं आपटलं. त्यात रक्त पातळ करायची गोळी चालू. हर्षल म्हणे, 'वय झालंय तिचं. घरात तरी पेशंट शोधू नकोस.'

मी चुकत नाही. डोक्यात रक्त साचलंय — उजवीकडे. हा गोडवाही त्यातलाच! माणसाचा स्वभाव बदलतो, पाहिलंय मी. रक्त काढलं की जुन्या सासूबाई परत येणार.

तरी उद्या नेणारच.

१२ मार्च
हर्षल गाडी काढेना. 'पुढच्या आठवड्यात बघू.'
'तोवर बेशुद्ध पडल्या तर?'
गुपचूप चावी घेतली.

सीटीला आमची टेक्निशियन तय्यबा होती. 'यल्ला, चलो आंटी, हिलना नहीं.' पडद्यावर चित्र उमटलं. उजवीकडे कवटीला चिकटून करडी चंद्रकोर, मेंदूची मधली रेघ डावीकडे ढकललेली. टॅक्सीने मागोमाग आलेल्या हर्षलला बोट ठेवून दाखवलं. सर्जन येताच त्याने एवढंच विचारलं, 'सही कुठे करू?'

आत नेताना सासूबाई माझा हात सोडेनात. मीच सोडवला.

१३ मार्च
कवटीला दोन भोकं पाडून रक्त काढलं. इंजिन ऑइलसारखं काळं! डावा हात वर उचलतायत. जिंकले!

शुद्धीवर आल्या ते 'हर्षलला बोलव.' माझ्याकडे बघितलंही नाही. माहीतच होतं मला. तरी चादरींच्या खोलीत जाऊन जरा रडले.

१६ मार्च
आज दोघीच होतो. चहा पाजत होते, तर मनगट धरलं माझं. 'येडी झाले हुते व्हय मी? समदं ध्यानात हाय. तुजं लाड लई दिसांपासनं करायचं हुतं — जमत नव्हतं.'