‘भ’ निघेना

२४ एप्रिल २००१, मंगळवार. सकाळी १०
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांची असते. शिरूर एसटी स्टँडच्या या अख्ख्या लाइनीत मराठी टायपिंगचा कॉम्प्युटर फक्त माझ्या दुकानात आहे. तेव्हा मागे काहीतरी लिहिलेलं राहावं.
संकल्प : कॉम्प्युटरजवळ खाणं-पिणं बंद.

दुपारी ४
उसाचा रस सांडला. अर्धाच ग्लास, तोही कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात. रुमालाने लगेच टिपला. विषय संपला. संकल्प उद्यापासून.

२५ एप्रिल
विचित्र प्रकार. एका गिऱ्हाइकाचा अर्ज टाइप केला. नाव गोपीचंद कदम. स्क्रीनवर आलं ‘घोफीछंध खधम’. आमच्या फॉन्टमध्ये शिफ्ट धरून क दाबला की ख येतो. तसंच ग चा घ, च चा छ, द चा ध, ब चा भ. पण मी शिफ्टला हातही लावलेला नाही.
रंभा डबा घेऊन आली. बघून म्हणाली, “अहो, ते डावं बटण खाली बसलंय.” तिला समजावलं, की वापराने बटण बसतंच. चपलेची टाच बसते तसं. बायकोला कॉम्प्युटरमधलं काय कळतं?
निदान : व्हायरस.

२६ एप्रिल
निमोण्याचे हनुमंतराव आले. मुलगी धनश्रीचं वीस मेला लग्न. चारशे पत्रिका. म्हणाले, “नवनाथभाऊ, घरातलं पहिलं लगीन हाय. आबांचं नाव वर मोठ्या अक्षरात पायजे. पत्रिका अशी करा, का पाव्हण्यांनी जपून ठिवली पायजे.” आबा म्हणजे त्यांचे वडील, भैरू आबा. मी म्हणालो, निर्धास्त राहा. पाच तारखेला पत्रिका हातात.
दौंडच्या मित्राकडून अँटिव्हायरसची फ्लॉपी मागवली आहे.

२७ एप्रिल
फ्लॉपी टाकली. व्हायरस सापडला नाही. फारच हुशार व्हायरस दिसतो.
पत्रिका सुरू केली. ‘चि. बिरदेव’ लिहिलं, नवरदेवाचं नाव. आलं ‘छि. भिरधेव’. नवऱ्या मुलाला छि!
रागाने उजवं शिफ्ट पाच-सहा वेळा आपटलं. कॉम्प्युटरने टूं केलं आणि इंग्रजीत काही विचारलं. ‘स्टिकी कीज’ एवढं कळलं. म्हणजे चिकट बटणं. आता मशीनही रंभाची भाषा बोलायला लागलं. कॅन्सल केलं. आपल्या दुकानात असलं ऐकून घेणार नाही.

३० एप्रिल
दुखणं मोठं आहे. सीपीयू पोत्यात बांधून एसटीने पुण्याला नेला. मांडीवरच ठेवला. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोंबड्या का?
मेकॅनिकने त्याचा स्वतःचा कीबोर्ड लावून पाहिलं. सगळं व्यवस्थित. म्हणाला, “तुमचा कीबोर्ड आणलाय का?” त्याला सांगितलं, मेंदू आणलाय, हातपाय कशाला आणू? तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. माझा मुद्दा पटला असावा.
घरी येऊन जोडलं. परत ‘छि.’
निष्कर्ष : शिरूरचं व्होल्टेज.

१ मे. सुट्टी, तरी दुकानात
शोध लागला! कॅप्स लॉक दाबलं की ‘छि.’ चं ‘चि.’ होतं. बिरदेव बिरदेव येतो. पुण्याच्या मेकॅनिकला हे सुचलं नाही. रंभाला सांगितलं. ती म्हणाली, “मग ख, भ, ध कसं काढणार?” म्हणालो, सगळं एकदम मिळत नसतं.
आकड्यांच्या जागी तेवढी चिन्हं येतात. आकडे अक्षरात लिहीन. ‘वीस मे’ शाही दिसतं.

२ मे
भाषेवर हुकूमत असली की अडत नाही. ‘शुभविवाह’ नको, ‘मंगल विवाह’. ‘स्थळ’ नको, ‘जागा’. ‘भोजन’ कशाला? ‘जेवण’ आपलं मराठमोळं.
वर ‘श्री खंडोबा प्रसन्न’ होतं. हनुमंतरावांना सुचवलं, तुमचा बिरोबा असताना खंडोबा कशाला? ते म्हणाले, “बिरोबा तर हायच. पर खंडोबाला काढून कसं चालंल?” मी म्हणालो, हल्ली छोटी पत्रिका चालते, एकच देव. ते म्हणाले, “तुम्ही शिकल्यालं मानूस. तुमच्यावर सोडलं.” आणि पाव्हण्यांना आवतन द्यायला राहू गावाच्या गाडीत बसले.
राहता राहिली दोन नावं. धनश्री आणि भैरू. ती बदलता येत नाहीत. पण घाईत म्हणून पाहिलं, दनश्री, दनश्री. पंगतीच्या गोंगाटात फरक कळत नाही. ‘बैरू’ तर जास्तच मऊ वाटतं.

३ मे
प्रेसला दिलं. प्रेसवाला म्हणाला, “नाव बरोबर आहे ना?” मी म्हणालो, कॉम्प्युटरवर केलंय. एका वाक्यात गप्प केला.

५ मे
चारशे पत्रिका वेळेवर. हनुमंतरावांचा चष्मा घरी होता. नुसता वास घेऊन म्हणाले, “झ्याक.” आज रंभाला घेऊन भेळ खाल्ली.

६ मे, रविवार
सकाळी नऊला धनश्री दुकानात. सणसवाडीच्या कंपनीत डिस्पॅचला आहे, तिथे दिवसभर कॉम्प्युटरवर लेबलं काढते. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.
पत्रिका समोर धरली. “काका, ही दनश्री कोण?”
मी व्होल्टेज सांगितलं. फॉन्ट सांगितला. तिने ऐकलं नाही. खाली वाकून कीबोर्ड बघितला. म्हणाली, “हे शिफ्ट दाबलेलंच आहे की.” बांगडीची सेफ्टी पिन काढून बटण उचकटलं. खाली काळसर पाक, त्यात एक मुंगी. ओल्या फडक्याने पुसलं, बटण परत बसवलं. टक. वर आलं. चहा यायच्या आत सगळं झालं.
मी म्हणालो, हे मी करणारच होतो, क्रमाने. तोवर कॅप्स लॉक लावून भागवलं.
ती म्हणाली, “बरं, पण कॅप्स लॉक काढलं की भ येत होता, लावलं की ब. ज्या त्या वेळी काढून-लावून दोन्ही मिळाले असते की.”
मी विचार केला. मिळाले असते.
मग ती खुर्चीवर बसली. म्हणाली, “माझं एक वेळ चाललं असतं, काका. पण आबा साठाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गाला जाऊन सही शिकलेत. आख्ख्या गावाला दाखवत फिरायचे. काल पत्रिका हातात घेतली आन् म्हणाले, हे माझं नाव न्हाई.”
प्रेसला फोन केला. लग्नसराई, पंचवीस तारखेपर्यंत मशीन मोकळं नाही. परवापासून पत्रिका वाटायच्या आहेत.

७ मे, सोमवार
सकाळपासून दुकान बंद. आत मी, रंभा, धनश्री आणि भैरू आबा. चारशे पत्रिका. पांढरा रंग लावून चुकीचं अक्षर पुसायचं, वाळलं की काळ्या पेनाने वर लिहायचं. रंग रंभा लावते. ‘ध’ धनश्री काढते. ‘भ’ माझ्याकडे.
पाच-सहा वर्षांत हाताने असं लिहिलेलं नाही. रोजनिशीत काय, कसंही चालतं. आबा समोर पोत्यावर बसलेत. प्रत्येक पत्रिका हातात घेऊन, लांब धरून बघतात. बाकीचं त्यांना वाचता येत नाही, पण तेवढं अक्षर येतं. पहिल्या सतरा परत केल्या.
अठराव्याला म्हणाले, “मास्तर, गाठ कुठं हाय? हे म झालं.”
मी म्हणालो, आबा, पेन नीट चालत नाही.
आबा उठले. माझ्या शेजारी बसले. पेन मागून घेतलं आणि रद्दीच्या कागदावर काढून दाखवलं. आधी गाठ. मग खाली. मग आडवं. मग काना. अक्षर सरळ आलं.
“असं. घाई न्हाई करायची.”
पेन परत दिलं. मी काढला. आबांनी कागद लांब धरून बराच वेळ बघितला.
म्हणाले, “जमंल. आनखी धा काढा.”