आठ न्यायाधीशांचे हात

मी, आर्डिथ लुंडग्रेन, वय अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय माणसांचे चेहरे रंगवणे, राहणार टॅमरॅक फॉल्स, मिनेसोटा, पूर्ण शुद्धीवर हे लिहून ठेवते. दमले आहे, पण दमणे म्हणजे डोके फिरणे नव्हे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणायला घरात कोणी उरलेलेच नाही.

१. घर गावच्या वाचनालयाला द्यावे. मागचे छप्पर गळते, हे त्यांना आधी सांगावे.

२. ब्रश आणि रंग शाळेतले चित्रकलाशिक्षक पेल्की यांना. ते मुलांना फोटोवरून चेहरे गिरवायला लावतात. वर्षातून एकदा तरी मुलांसमोर जिवंत माणूस बसवावा, ही अट.

३. न्यायाधीश हॉफस्टाड यांच्या वारसांना माझा एक कागदही देऊ नये. न्यायाधीशांच्या हट्टापायी चित्रातले त्यांचे नाक मी तीनदा बारीक केले. चौथ्यांदा नाही.

४. माझी धाकटी बहीण मार्वेल हिच्याविषयी. मोठी माणसे चेहऱ्यापुरती बसतात, हातांसाठी त्यांना सवड नसते. म्हणून एकतीस वर्षे मार्वेल काळा झगा घालून माझ्यासमोर बसली. जिल्हा न्यायालयात टांगलेल्या आठ न्यायाधीशांचे हात तिचे आहेत.

"माझं तोंड कधी काढणार गं?" तिने एकदाच विचारले होते.

"एवढं गिऱ्हाईक उरकू दे," मी म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात तिचे चित्र रंगवायला घेतले. हात एका दुपारी आठवणीतून उतरले. चेहरा काही केल्या येईना. शेवटी फोन केला, "मार्वेल, तुझे डोळे घारे की निळे गं?"

ती म्हणाली, "एकतीस वर्षं समोर बसले, आर्डी. आणि आता फोनवर विचारतेस?" तिने फोन ठेवला. तेव्हापासून आली नाही. मला लाज वाटते, आणि ती याहून बऱ्या शब्दांत लिहिता येत नाही.

तो कॅनव्हास आहे तसा तिला द्यावा. फोटो बघून कोणी त्यावर चेहरा काढू नये.

मात्र माझ्या हयातीत ती आली, तर हे कलम रद्द समजावे. खुर्ची उत्तरेच्या खिडकीशीच आहे. सकाळी माझा हात कमी थरथरतो. या खेपेला तिने हात खिशात घातले तरी चालेल.

जिला काही द्यायचे तिला साक्षीदार करू नये, असे वकील सांगतात. नाहीतर सहीच्या निमित्ताने तरी ती आली असती.

साक्षीदार: ड्वेन पेराला, शेजारी
साक्षीदार: कोरिन ओस्ट्बी, टपाल कचेरी

सही: आर्डिथ लुंडग्रेन (वाकडी आहे, पण माझीच आहे)
टॅमरॅक फॉल्स, १४ नोव्हेंबर २०२३